तेरा वर्षांनी जर्मनीहून पुण्याला परतताना: काय तिथेच उरकायचं आणि काय इथे येऊन

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून तो मला कसा समजला ते आधी लिहिते. तुम्ही दोघं तेरा वर्षं स्टुटगार्टजवळ राहता. दोघांचे पासपोर्ट भारतीय. सुरुवातीला ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा परवाना) होतं, आता कायमचा परवाना आहे, म्हणजे आपण पीआर म्हणतो तो. मुलगी नऊ वर्षांची, पासपोर्ट भारतीय. मुलगा चार वर्षांचा, त्याला जन्मानेच जर्मन नागरिकत्व मिळालं आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारं कार्ड. आई-वडील पुण्यात, सत्तरी ओलांडलेले. कधी यावं, पैशाचं आणि पेन्शनचं काय करावं, मुलीच्या शाळेचं कसं होईल आणि जमलं नाही तर परत जाता येईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यात सीए आहे आणि युरोपातून परतणाऱ्या कुटुंबांची कामं बरीच वर्षं करते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. परतणाऱ्यांची सगळी चिंता इथल्या गोष्टींची असते: घर, शाळा, ट्रॅफिक, पगार. पण इथलं जवळजवळ सगळं दोन-चार महिने उशिरा झालं तरी सावरता येतं. जे सावरता येत नाही ते तिथून निघण्याआधीचं असतं. एकदा पत्ता गेला, परवाना गेला, फोन नंबर बंद झाला की साध्या कागदासाठी वर्ष जातं. म्हणून उत्तर त्याच क्रमाने देते.

सगळ्यात शेवटी विचारलेला प्रश्न आधी घेते, कारण त्याला मुदत आहे. परत जाता येईल का? आज तुमच्याकडे जो परवाना आहे त्याच्या कार्डावर काय लिहिलंय ते बघा. ‘निडरलासुंग्सएरलाउबनिस’ असेल, तर तो सहा महिने जर्मनीबाहेर राहिलं की साधारणपणे आपोआप संपतो, आणि कायमचं जाण्याच्या हेतूने देश सोडला असं दिसलं तर त्याआधीही. दुसरा एक परवाना असतो, ‘डाउअरआउफएन्टहाल्ट-ईयू’. तो युरोपियन युनियनच्या बाहेर सलग बारा महिने राहिलं तर संपतो, आणि आधी ब्लू कार्ड असलेल्यांना व त्यांच्या कुटुंबाला हीच मुदत चोवीस महिने मिळते. तेरा वर्षं नोकरी, विमा आणि पेन्शन नियमित असलेल्या माणसाला हा दुसरा परवाना मिळण्यात सहसा अडचण येत नाही. मात्र अर्ज तिथे राहत असतानाच करावा लागतो, आणि परदेशी नागरिक कार्यालयाच्या भेटीच्या तारखा किती लांबच्या मिळतात हे तुम्हाला मी सांगायला नको. नोकरीचा राजीनामा देण्याआधी हे काम करा. दोन वर्षांची मुदत हातात असली की इथलं पहिलं वर्ष शांतपणे जातं. पहिल्या तीन महिन्यांत वाटणारी घालमेल खरी की तात्पुरती, हे ठरवायला वेळ मिळतो. माझ्या मते या एका कार्डाने जेवढी कुटुंबं स्थिरावली तेवढी दुसऱ्या कशाने नाही. दार उघडं आहे हे माहीत असलेली माणसं घाईने उलटी पळत नाहीत.

जर्मन नागरिकत्व घेऊन मग यावं का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली, पण भारताने दिलेली नाही. जर्मन नागरिकत्व स्वीकारलं की नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार तुमचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. पासपोर्ट जमा करून ओसीआय घ्यावं लागतं. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आई-वडिलांजवळ, पुण्यातच राहायचं ठरवून येणाऱ्याने निव्वळ भीतीपोटी हे करू नये असं मला वाटतं. तो निर्णय तुमचा आहे, पण तो परतीच्या धावपळीत उरकण्याचा नाही.

आता पेन्शन. जर्मन सरकारी पेन्शन विम्यात साठ महिने भरले की म्हातारपणीच्या पेन्शनचा हक्क तयार होतो. तुमचे कधीच भरलेत. १९६४ किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी पूर्ण पेन्शनचं वय ६७ आहे. भारत आणि जर्मनीमधला सर्वसमावेशक सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे ती पेन्शन भारतात राहूनही मिळते आणि हक्क ठरवताना भारतातला पीएफचा काळही धरता येतो. साठ महिन्यांपेक्षा कमी भरलेल्यांना, देश सोडून चोवीस महिने झाल्यावर, स्वतःच्या वाट्याची रक्कम परत मागता येते. तो मार्ग तुमच्यासाठी नाही. कुणी एजंट ‘सगळी पेन्शन काढून देतो’ म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘तिने मुलांमुळे फारसं काम केलं नाही, तिचं काही नसेल’. असं नाही. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, मूल जर्मनीत वाढवलं असेल तर, तीन वर्षांपर्यंतचा काळ आईच्या (किंवा वडिलांच्या) पेन्शन खात्यात धरला जातो, आणि त्यातलं प्रत्येक वर्ष साधारण सरासरी पगारावर वर्षभर विमा भरल्यासारखं मोजतात. दोन मुलं म्हणजे सहा वर्षं. एकही दिवस नोकरी केली नसती तरी त्यांचे साठ महिने यातच पूर्ण झाले असते. पण हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो, मुलांचे जन्मदाखले जोडावे लागतात. निघण्याआधी दोघांचाही विम्याचा संपूर्ण उतारा मागवा, त्यात रिकामे दिसणारे महिने भरून घ्या आणि तो कागद जपून आणा. तीस वर्षांनी पुण्यातून हे सिद्ध करणं किती कठीण जाईल याचा विचार करा. मी हे काम मागे राहिलेल्या आया पाहिल्या आहेत आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण तो त्यांच्या कष्टाचा पैसा आहे. रीस्टर योजना (सरकारी अनुदान मिळणारी खासगी पेन्शन बचत) असेल तर तिचं वेगळं बघा. ईयूबाहेर स्थलांतर केलं की तिच्यावर मिळालेलं सरकारी अनुदान परत करावं लागतं.

निघतानाचे कागद. आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्यावरून नाव कमी करणं, घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत करता येतं. त्याच्या प्रमाणपत्राच्या प्रती काढून ठेवा. इंटरनेट, रेडिओ-टीव्हीची वर्गणी, आरोग्य विमा, हे सगळं बंद करताना ते लागतं. मात्र नुसत्या आबमेल्डुंगने तुम्ही जर्मनीचे अनिवासी करदाते होत नाही. तिथे वापरायला मोकळं घर ठेवलंत, किल्ली तुमच्याकडे असली, तर कर कार्यालय तुम्हाला निवासीच धरू शकतं. घर भाड्याचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस द्या आणि अनामत परत येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका. घरमालक हिशेबासाठी ती काही महिने ठेवतात. शेवटच्या वर्षाचा करपरतावाही पुढच्या वर्षी त्याच खात्यात येणार. एल्स्टरवर (कर विवरणपत्राचं जर्मन संकेतस्थळ) नाव नोंदवलेलं नसेल तर आताच नोंदवा, कारण त्याचं सक्रियीकरणाचं पत्र टपालाने तुमच्या जर्मन पत्त्यावर येतं. बँकेचा टॅन (आपला ओटीपी) एसएमएसवर येत असेल तर तो ॲपवर घ्या. जर्मन सिम बंद पडलं आणि खात्याचं दार लागलं, ही तक्रार घेऊन माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी येतं. आणि कंपनीकडून आर्बाइट्सत्सॉयग्निस (कामाचा दाखला) तर घ्याच, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. शिवाय इंग्रजीत एक साधं पत्र घ्या: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते, अमुक पदावर, देणी-घेणी पूर्ण. इथल्या एचआरला ‘रिलीव्हिंग लेटर’ हवं असतं, आणि गुणगौरवाने भरलेला दोन पानी जर्मन कागद वाचून त्यांचं समाधान होत नाही.

आता तारखेचा प्रश्न, ज्यावर तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय. भारतात कर निवासी ठरण्यासाठी आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे असणं हा मुख्य निकष. दुसरा निकष ६० दिवसांचा आहे, आणि तो ऐकून लोक घाबरतात. पण त्याला जोडलेली अट कुणी सांगत नाही: मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असले तरच तो लागतो. दरवर्षी चार आठवडे सुट्टीला येणाऱ्याचे चार वर्षांत जेमतेम ११२ दिवस होतात. म्हणजे तुमच्यासाठी १८२ एवढाच आकडा महत्त्वाचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, तरी ही मोजणी तीच आहे.

१ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे बरोबर १८२ दिवस होतात. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यानंतर आलात आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात सुट्टीला येऊन गेला नसाल, तर त्या आर्थिक वर्षापुरते तुम्ही अनिवासीच राहता. सुट्टीचे दिवस असतील तर तेवढे पुढे सरका. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरून मोजा. त्यानंतर येते ती आरएनओआर अवस्था, म्हणजे निवासी पण ‘सामान्यतः निवासी नाही’. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल तर ती मिळते, आणि तिच्यात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. समजा तुम्ही जून २०२६ मध्ये आलात, तर ही सवलत ३१ मार्च २०२८ ला संपेल. नोव्हेंबर २०२६ मध्ये आलात तर पहिलं वर्ष अनिवासी आणि पुढची दोन आरएनओआर, म्हणजे ३१ मार्च २०२९. पाच महिन्यांच्या फरकाने एक पूर्ण वर्ष जास्त. एक सावधगिरी: पुण्यात बसून जर्मन कंपनीचं काम ऑनलाइन करत राहिलात, तर तो पगार भारतात केलेल्या कामाचा आहे. त्याला ही सवलत नाही.

या सवलतीचा खरा उपयोग तुमच्या फंडांसाठी आहे. जर्मनीत राहून विकले तर इक्विटी फंडाच्या नफ्यातला ३०% भाग सोडून उरलेल्यावर २६.३७५% कर बसतो. चाळीस हजार युरो नफा असेल तर वार्षिक सूट धरण्याआधी ७,३८५ युरो. तिथले अनिवासी झाल्यावर अशा फंडाच्या विक्रीवर साधारणपणे जर्मनीत कर नाही, आणि आरएनओआर असताना भारतातही नाही. म्हणून बहुतेकांना मी सांगते, की आल्यावर विका, पण शेवटच्या मार्चची वाट पाहू नका. दोन गोष्टी मात्र निघण्याआधी तपासा. एक, तुमचा ब्रोकर भारतातला पत्ता असलेलं खातं चालू ठेवतो का. अनेक जण ठेवत नाहीत. दुसरी, कुठल्या कंपनीत एक टक्का किंवा जास्त हिस्सा, किंवा एकाच फंडात पाच लाख युरो किंवा जास्त खरेदी असेल, तर देश सोडतानाच जर्मनी कर लावू शकते. तसं असेल तर तिथल्या कर सल्लागाराला विचारल्याशिवाय हलू नका.

इथल्या खात्यांबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. आरएनओआर असेपर्यंत एनआरई ठेवीचं (अनिवासींनी परदेशी कमाईतून ठेवलेली रुपयांतली ठेव) व्याज करमुक्त, असं सगळे समजतात. नाही. ती सूट फेमा या परकीय चलन कायद्याखालच्या अनिवासींना आहे, आणि फेमाच्या दृष्टीने कायमचं राहायला आलात की तुम्ही त्या दिवसापासून निवासी. तिथे १८२ दिवस मोजत नाहीत. आल्या आल्या बँकेला कळवा आणि एनआरई, एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं) खाती निवासी करून घ्या. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव मुदतीपर्यंत चालू राहू शकते. युरो युरोतच ठेवायचे असतील तर आरएफसी (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं) खातं उघडा. आरएनओआर असेपर्यंत त्याचं व्याज करमुक्त आहे, आणि उद्या मुलीला शिकायला पाठवायची वेळ आली तर त्यातून पैसे बाहेर पाठवताना वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आड येत नाही. रुपयात बदललेल्या पैशाला ती येते. घाईने सगळं रुपयांत करू नका. जर्मनीतलं खातं, फंड, परदेशी असताना घेतलेली मालमत्ता पुढेही ठेवायला फेमाची परवानगी आहे. फक्त आरएनओआर संपली की विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे, ३१ डिसेंबरच्या हिशेबाने. विसरलेलं छोटं खातंही लिहायचं. खात्यांची माहिती जर्मनी भारताला दरवर्षी कळवते, आणि न दाखवलेल्या परदेशी मालमत्तेचा दंड दहा लाख रुपये आहे. २०२४ च्या बदलानंतर स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो दंड नाही, पण म्हणून लिहायचं सोडू नका.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझं स्पष्ट मत: तारीख करासाठी ठरवू नका, मुलीसाठी ठरवा. तुमच्या बाबतीत सुदैवाने दोन्ही एकाच ठिकाणी येतात. मी दिवाळीनंतर या म्हणते.

लोक एप्रिल-मेमध्ये येतात, कारण इथलं वर्ष तेव्हा सुरू होतं. पण तेव्हा पुणं तापलेलं असतं, सोसायटीतली मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात, आणि थंड हवेतून आलेली पोरं दोन महिने पंख्याखाली एकटी बसतात. मग जूनमध्ये नवी शाळा, नवी इयत्ता, नवी भाषा, सगळं एका दिवशी. दिवाळीनंतर आलं की हवा चांगली असते, जागा असेल तर शाळा मधूनच घेतात, आणि उरलेल्या चार-पाच महिन्यांत तिच्याकडून कुणी गुणांची अपेक्षा करत नाही. ती बाकं, डबा, रांग, बाईंना हाक कशी मारायची, वही कशी ठेवायची हे शिकते. पुढच्या वर्षी त्याच मुलांबरोबर वरच्या वर्गात जाते तेव्हा ती नवी नसते. शाळेशी आधी बोलून जागा पक्की करा, आणि जर्मन शाळेचा शेवटचा दाखला इंग्रजी भाषांतरासह आणा. मुलांच्या जन्मदाखल्याची बहुभाषिक आवृत्ती तिथल्या नोंदणी कार्यालयातून मिळते, तिच्या तीन-चार प्रती घ्या. इथे ती प्रत्येक खिडकीवर लागेल.

तिला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, हे मात्र हलकं घेऊ नका. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. शिवाय हिंदीही असेल. एकाच लिपीत दोन्ही आहेत, तेवढी सोय. आजपासून रोज वीस मिनिटं देवनागरी सुरू करा. आजीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायला लावा, पाठ्यपुस्तक मंडळाची पहिली-दुसरीची बालभारतीची पुस्तकं वापरा. जोडाक्षरांपर्यंत पोचली की अर्धं काम झालं. घरी फक्त मराठीत बोलणाऱ्या मुलांचं उच्चारण उत्तम असतं. अडतं ते फळ्यावर लिहिलेलं पटकन उतरवून घेताना.

एक छोटी गोष्ट दाखवते, कारण ती कुणाच्या लक्षात येत नाही. जर्मन शाळेत १ (इंग्रजी 1) लिहिताना वरची तिरकी रेघ लांब काढतात, आणि ७ (इंग्रजी 7) ला मध्ये आडवी दांडी देतात. इथल्या बाईंना तो १ सात वाटतो. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबातल्या मुलीची गणिताची वही मी पाहिली आहे: ११ + १४ चं उत्तर तिने २५ लिहिलेलं, बरोबर, आणि त्यावर लाल फुली, कारण वाचणाऱ्याला ते ७७ + ७४ वाटलं. ती मुलगी घरी येऊन म्हणाली की मला इथे गणित येत नाही. दशांश चिन्हाचंही तसंच. तिथे स्वल्पविराम, इथे टिंब. हे दोन बदल निघण्याआधी महिनाभर सराव करून घ्या आणि वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी सांगा. गणित तिला येतं. फक्त ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

आणि तिचं जे जाणार आहे ते मान्य करा. आज ती एकटी चालत शाळेत जाते, सायकलवरून मैत्रिणीकडे जाते. इथे ती व्हॅनमध्ये बसेल आणि रस्ता ओलांडताना कुणीतरी हात धरेल. नऊ वर्षांच्या मुलीला हा अपमान वाटतो. ‘इथे आजी-आजोबा आहेत ना’ हे त्याचं उत्तर नाही. आवारात रहदारी नसलेली मोठी सोसायटी घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. जिथे ती स्वतः खाली जाऊ शकेल, दुकानातून दूध आणू शकेल. घर निवडताना मी याला ऑफिसच्या अंतराच्या वर ठेवेन.

मुलाचं वय लहान आहे, तो रुळेल. जर्मन बालवाडीत अक्षरं गिरवून घेत नाहीत आणि इथल्या बऱ्याच शाळांत ज्युनियर केजीत मुलं लिहीत असतात, तेव्हा खेळावर भर देणारी शाळा बघा. त्याच्या पासपोर्टचा मात्र दूरचा परिणाम आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय विद्यार्थी नीट, जेईई यांसारख्या परीक्षा देऊ शकतो, पण केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर त्याला प्रवेश नाही. एनआरआय किंवा अधिसंख्य (नेहमीच्या जागांवरची जादा) जागा घ्यावी लागते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेआधीच्या ओसीआयधारकांना दिलासा दिला, तुमच्या मुलाचं कार्ड नंतरचं आहे. इथेच वाढून त्याला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर हा फरक फार मोठा ठरतो. भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलाची भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करण्याची तरतूद नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, पण त्यासाठी जर्मन नागरिकत्व सोडावं लागेल. आज ठरवू नका. त्याच्या आठवी-नववीच्या आधी मात्र दोघांनी बसून नीट ठरवा. तोवर लक्षात ठेवायचं ते एवढंच, की ओसीआय असलेल्याला आधार कार्ड १८२ दिवस राहिल्यावरच मिळतं, तुम्हा तिघांना भारतीय पासपोर्टवर लगेच मिळेल. शाळेने त्याचा आधार मागितला तर पासपोर्ट आणि ओसीआय दाखवा.

आरोग्य विमा इथे उतरल्यावर बघू, असं करू नका. जुन्या आजारांसाठी भारतीय पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असते, आणि तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या घेत असल्याचं स्वतःच लिहिलंय. तिथल्या विम्याची वर्षं इथे धरत नाहीत. पुढच्या सुट्टीत तपासण्या करून पॉलिसी सुरू करा, म्हणजे प्रतीक्षेचं घड्याळ आत्तापासून चालू होईल, आणि गोळ्या अर्जात लिहा. मुलांची पिवळी लसीकरण पुस्तिका आणा. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, बीसीजी तिथल्या नेहमीच्या यादीत नाहीत, इथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून पुढचं ठरवा. तुमचं भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स संपून एक वर्ष झालं नसेल तर नूतनीकरण साधं आहे, नंतर पुन्हा परीक्षा.

सामानाबद्दल थोडक्यात. दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्यांना घरसामानावर सीमाशुल्काची सवलत आहे, मर्यादा निघण्याआधी ताजी तपासा. मुलांची खोली जशीच्या तशी आणा: पलंग, पुस्तकं, खेळणी, सायकली. अनोळखी घरात पहिल्या रात्री त्याचा फार उपयोग होतो. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे उपकरणं चालतात, फक्त प्लग बदलावे लागतात. फ्रिज, वॉशिंग मशीन मात्र आणू नका, सुटे भाग आणि दुरुस्तीवाला मिळत नाही. गाडी तिथेच विका. २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, तेव्हा कंटेनर उशिरा पोचेल हे धरून चला आणि हिवाळी अंथरुणं विमानात घ्या.

आई-वडिलांच्या फ्लॅटमध्येच राहावं का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित. पहिलं वर्ष जवळ राहा, त्याच घरात नको. त्याच सोसायटीत किंवा दोन गल्ल्या सोडून भाड्याने घ्या. तेरा वर्षं तुमच्या पत्नीने स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा दिवस चालवलाय. आई-बाबांनीही तेवढीच वर्षं त्यांची शांत लय बसवली आहे. दोन्ही बाजूंचं प्रेम खरं असतं, आणि सकाळी सात वाजता एका गॅसवर ते पणाला लागतं. जवळच्या जवळ राहून रोजचा चहा एकत्र झाला तर कुणीच दुखावत नाही, आणि रात्री दोनला फोन आला तर पाच मिनिटांत पोचता येतं. त्यासाठीच तर येताय.

पत्नीच्या कामाचा विचारही तुमच्या नोकरीच्या आधी सुरू करा. परतलेल्या घरांत सगळ्यात एकटी पडते ती आई: नवरा ऑफिसात, मुलं शाळेत, आणि तिची सायकल, ट्राम, भाषेचा वर्ग, मैत्रिणी सगळं मागे. त्यांचं जर्मन चांगलं आहे असं तुम्ही लिहिलंय. पुण्यात जर्मन शिकवणाऱ्यांना आणि जर्मन कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना मागणी आहे, चाकण-पिंपरीच्या पट्ट्यातच कितीतरी जर्मन उद्योग आहेत. जर्मनची सी१ (वरच्या पातळीची) परीक्षा निघण्याआधी तिथेच देऊन टाका.

नातेवाईक विचारतील, ‘का आलात परत? तिकडे काही झालं का?’ सहा महिने विचारतील. खरं उत्तर एका वाक्यात ठरवून ठेवा आणि मुलांनाही तेच सांगा, म्हणजे त्यांना चार जणांकडून चार कारणं ऐकू येणार नाहीत.

घर विकत घेण्याची घाई वर्षभर तरी नको. मुलीची शाळा बदलावी लागली, तुमचं ऑफिस बाणेरऐवजी चाकणला निघालं, तर विकत घेतलेलं घर पायात अडकतं. मुळशीकडे जमीन घेण्याचं तुमचं स्वप्न आहे, त्याबद्दल एवढंच: अनिवासी असताना फेमाखाली शेतजमीन घेता येत नाही, आणि परतून निवासी झाल्यावरही महाराष्ट्रात ती घ्यायला तुम्ही कायद्याने शेतकरी असावं लागतं. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे सातबारा असेल तर वारसाने तुमचं नाव लागतंय का, हे आधी तलाठ्याकडे बघून घ्या. मग जमिनीचं पुन्हा बोलू.